‘खो’मधला ख

खो-खोमध्ये आठ जणी मधल्या पाटीवर आठ चौकोनांत बसतात. एकीचं तोंड इकडे, तिच्या शेजारणीचं तिकडे. नववी पळते. ती पाठीमागून येऊन बसलेलीच्या पाठीवर हात ठेवते आणि ‘खो’ म्हणते. बसलेली उठून पळत सुटते, खो देणारी तिच्या जागी बसते. खो मिळायच्या आधी उठलं तर फाऊल.

एवढा नियम पुरे.

चौकोन १. तोंड शाळेकडे.

गाडी सोमवारी आली. पांढरी, काळ्या काचांची, दारावर धावणाऱ्या पायांचं चित्र. निंबळवाडीच्या हायस्कूलसमोर ती थांबली तेव्हा आम्ही खांबाला हात लावून वळण्याचा सराव करत होतो.

“बघायला आले गं,” कस्तुरी म्हणाली. “अल्फिया, पोहे टाक.”

“आधी मुलीला विचारा,” मी म्हणाले. “मुलगा पसंत हाय का?”

“मुलगा म्हंजे पुणे?”

“व्हय. उंच हाय, निर्व्यसनी हाय, नळाला पाणी हाय.”

लवटे सरांनी शिट्टी वाजवली. “दोघींचीबी तोंडं बंद. बिराजदार, बुटाची नाडी. मुजावर, केस.”

हसत होतो, पण माझे तळहात ओले होते. कस्तुरीचेही असणार, कारण ती ते पुन्हा पुन्हा पँटला पुसत होती. आमच्या गावात शाळा दहावीला संपते. शाळेबरोबर मुलींचा खो-खो संपतो. आम्ही दोघी दहावीत. गाडी पुण्याजवळच्या क्रीडा निवासाची. तिथं गेलेली मुलगी पदवीपर्यंत शिकते, रोज खेळते, संघात जाते. आमच्या सोळा शाळांच्या गटातून एक मुलगी घेणार होते. एक.

गाडीतून प्रज्ञा साळसकर मॅडम उतरल्या. चाळिशीच्या, केस बारीक कापलेले, डाव्या गुडघ्यावर जुन्या ऑपरेशनची खूण. स्वतः राज्याकडून खेळलेल्या, असं सर म्हणाले आणि मग आवाज खाली करून म्हणाले, “खांबावर कुणाला सोडत नव्हती ही बाई.”

पूर्वी सामने बघून निवड व्हायची. आता पट्टी बघते. मानेपासून कमरेपर्यंत चिकटवायची, कागदासारखी पातळ. मॅडमनी ती नऊ जणींना स्वतः चिकटवली. बोटं गार होती. अर्धा तास खेळवलं. मग टॅबवर आकडे आले.

मी एकशे एकाहत्तर. बाकीच्या शंभर ते एकशे ऐंशीच्या मधे.

कस्तुरी, अडतीस.

मॅडमनी टॅब झटकला, जसा आपण रिमोट झटकतो. पुन्हा खेळवलं. एकेचाळीस. पुन्हा. छत्तीस.

“ही पोरगी कोण आहे?” त्यांनी विचारलं.

“बिराजदार,” सर म्हणाले.

चौकोन २. तोंड डोंगराकडे.

आकडा म्हणजे काय ते मॅडमनी फळ्यावर समजावलं.

आवाज कानात शिरतो. कानातून मेंदूत जातो. मेंदू पायांना निरोप धाडतो. पायांच्या स्नायूंत विजेची बारीक लाट उठते, त्यानंतर पाय हलतात. ती लाट पाठीवरच्या पट्टीला कळते. खो दिल्यापासून लाट उठेपर्यंत किती वेळ गेला, तो आकडा, मिलिसेकंदांत. एका सेकंदाचे हजार तुकडे केले तर त्यातले किती.

माणसाला हे सगळं करायला निदान शंभर तुकडे लागतातच. म्हणून धावण्याच्या शर्यतीत शंभराच्या आत निघालेला धावपटू बाद होतो. तो बंदुकीच्या आधीच निघालेला असतो, कान काही म्हणोत.

“मग कस्तुरीचे अडतीस कसे?” मी विचारलं.

“दहा हजारांत एखादीचा मेंदू पुढचं आधी ओळखतो,” मॅडम म्हणाल्या. “देणारीच्या पावलावरून, सावलीवरून. तिला स्वतःला कळत नाही ती काय ओळखते. आम्ही तेच शोधत फिरतो. ताकद वाढवता येते. हे वाढवता येत नाही.”

सगळ्यांनी कस्तुरीकडे बघितलं. ती नखाखालची माती काढत होती.

कस्तुरीला खो बहुतेक वेळा मीच देते. मी चौथ्या चौकोनातली, ती पाचव्या. सहावीपासून.

चौकोन ३. तोंड शाळेकडे.

कागद आला. बारा दिवसांनी दुसरी चाचणी, इथंच, याच मैदानावर. नव्वदच्या आत आकडा टिकला तर जागा कस्तुरीची. खाली बारीक अक्षरांत: निवासात दाखल झाल्यावर तीन महिन्यांत आकडा वर गेला तर नोंदीत ‘घसरण’ असा शेरा पडेल. तो शेरा सगळ्या निवासांना दिसतो. पुसला जात नाही.

“कशाला वर जाईल?” कस्तुरी म्हणाली. “मी तर काहीच करत नाही गं. तू आलीस की मी उठतो.”

आमच्याकडे पोरी ‘मी उठतो, मी जातो’ असंच म्हणतात. मॅडमना त्याचं हसू आलं होतं.

“मी आलो की उठतीस म्हंजे? कशावरनं?”

“मला काय माहीत. पाठीला कळतंय.”

कस्तुरीच्या आईनं शेंगाची पोळी पाठवली. लवटे सरांनी दोन खाल्ल्या आणि मला म्हणाले, “मुजावर, तू वाईट वाटून घेऊ नको.” मला तोपर्यंत वाटलं नव्हतं.

चौकोन ४. तोंड डोंगराकडे.

सर मला पाच वर्षं एकाच गोष्टीवरून ओरडत आले आहेत. “मुजावर, खो म्हण! घसा काय खाकरतीस?”

आमच्या घरी दखनी बोलतात. आमच्या खालाजान, खबर, खाली या शब्दांतला ख घशाच्या आतून घासत येतो. कलमलासुद्धा नानी खलम म्हणते, तोच घासरा ख लावून. माझा खो तसाच. ख्ख्खो. मुली नक्कल करायच्या. मला त्याचं काही नव्हतं.

त्या आठवड्यात मराठीच्या बाईंनी उजळणी घेतली. क ख ग घ. क अल्पप्राण, ख महाप्राण. ख मध्ये श्वास जास्त. क ख अघोष, ग घ घोष. “गळ्याला हात लावा,” बाई म्हणाल्या. “ग म्हणा. थरथरलं? आता ख म्हणा. नुसता. नाही थरथरत. थरथर सुरू होते ती पुढच्या स्वरापासून.”

सगळ्या वर्गानं गळ्याला हात लावले. ख्. ख्. ख्. कोंबड्या बसल्यासारखा आवाज झाला, सगळे हसले.

मी नाही हसले. पट्टी मानेपासून सुरू होते. मैदानावर आरडाओरडा असतो, म्हणून मशीन माइक वापरत नाही, मॅडमनीच सांगितलं होतं. खो देणारीचा गळा थरथरला की मशीन घड्याळ सुरू करतं.

म्हणजे मशीनला ख ऐकू येत नाही. ओ ऐकू येतो.

शाळेच्या टॅबवर मी माझा खो रेकॉर्ड केला. आवाजाचं चित्र काढलं. ओच्या उंच उंच लाटा, आणि त्यांच्या आधी एक लांब करडा केसाळ पट्टा, सुरवंटासारखा. तो माझा ख. मोजला. एकशे तीस मिलिसेकंद.

अडतीस अधिक एकशे तीस. एकशे अडुसष्ट.

कस्तुरी चांगली होती. दहा हजारांतली नव्हती. ती माझा ख ऐकून उठत होती, आणि तिला तो ऐकू यायचा तेव्हा मशीनचा खो अजून सुरूच झालेला नसायचा.

आणि माझे एकशे एकाहत्तर? मला खो द्यायची सरिता. तिचा ख इतका आखूड की तिला ‘को’ म्हणून चिडवायचे.

चौकोन ५. तोंड शाळेकडे.

दोन दिवस सांगितलं नाही. पोटात ठेवलं की पाय आपोआप चालतात; मी गावातल्या सगळ्या गल्ल्या दोनदा फिरले. तिसऱ्या दिवशी टाकीपाशी सांगून टाकलं.

कस्तुरीनं दोनदा ऐकून घेतलं. मग म्हणाली, “म्हंजे तिकडं तू नसलीस की माझा आकडा शंभराच्या वर.”

“व्हय.”

“आणि शेरा.”

“व्हय.”

तिनं टाकीच्या भिंतीला लाथ घातली. पाय धरून खाली बसली. “आई गं. तुझ्या ख च्या तर.” मग डोकं वर केलं. “नऊ दिवस हायत. तू तुझा ख काप. आखूड कर. मी आखूडावर उठायला शिकतो. खरंच नव्वदच्या आत आणतो.”

“नाही आला तर?”

“आणतो म्हणलं ना.”

नऊ दिवस. सकाळी शाळेआधी, संध्याकाळी शाळेनंतर. मी जीभ टाळूला वर चिकटवून आखूड ख काढायला शिकले. ऐंशी. साठ. पस्तीस. मॅडम पट्टीचा एक जोड सरावाला ठेवून गेल्या होत्या. कस्तुरीचा आकडा पहिल्या दिवशी एकशे बेचाळीसवर गेला. ती रडली नाही, पाणी प्यायली. एकशे एकतीस. एकशे सव्वीस. सरांना यातलं काही माहीत नव्हतं. ते खूश होते, पण फक्त माझ्यावर. “मुजावर! आता कसा स्वच्छ खो! पाच वर्षांनी अक्कल आली.”

सातव्या दिवशी घरी मी म्हणाले, “नानी, खालाजान नै आई?”

नानीनं सुपारी कातरणं थांबवलं. “तेरी ख कू क्या हुआ गे?”

“कुछ नै.”

“बोल फिरसे.”

बोलले. पुन्हा तोच, आखूड, वरच्यावरचा, दुकानातल्यासारखा ख.

“बम्मन की छोकरी लगरई,” नानी म्हणाली आणि हसली. मी मोरीत जाऊन नळ सोडला आणि जुना ख काढून बघितला. ख्. ख्. घसा खाकरल्यासारखा झाला. खरंच खाकरल्यासारखा. तो ख नव्हता.

चौकोन ६. तोंड डोंगराकडे.

चाचणीत मी खो दिला आणि

फाऊल. आधी उठले. परत बसते.

चाचणीच्या आदल्या संध्याकाळी आकडा होता एकशे अठरा. नव्वद लांब होता आणि दिवस संपले होते. कस्तुरी पट्टी काढता काढता, माझ्याकडे न बघता म्हणाली, “उद्या जुना दे.”

“काय?”

“जुना ख. एकदाच. आत शिरतो, मग बघू. तीन महिने हायत तिथं.”

“नऊ दिवसांत झालं नाही ते...”

“तिथं मॅट हाय, कोच हायत, डॉक्टर हायत. होईल. आणि नाही झालं तर शेरा माझ्यावर. तुझ्यावर नाही.” मग ती वळली. “अल्फिया. इथं राहून मी काय करू, सांग. तू सांग.”

“देतो,” मी म्हणाले.

चौकोन ७. तोंड शाळेकडे.

मैदानावर चुना नवा. वर्ग सोडून सगळी शाळा बाहेर. कस्तुरीची आई पदराची घडी घालत, उलगडत. साळसकर मॅडम टॅब घेऊन पंचांच्या खुर्चीवर.

“देणारी कोण?”

“मुजावर,” कस्तुरी म्हणाली. “सवय हाय आम्हाला.”

ती बसली. पाचवा चौकोन, तोंड शाळेकडे. मी मागे. तिच्या मानेवर पट्टीची वरची कड दिसत होती आणि तिच्या वर सुटलेले चार केस. पंजे जमिनीला रोवलेले. पाठ ताठ. ती माझ्या ख ची वाट बघत होती, लांब, घासऱ्या, लहानपणापासूनच्या.

मी श्वास घेतला. हात पुढे केला.

आणि तेवढ्यात, हात पुढे जाता जाता, मला ती गेल्यानंतरचं मैदान दिसलं. तिच्याशिवायचं. पाचव्या चौकोनात दुसरीच कुणीतरी.

“खो.”

आखूड. स्वच्छ. सरांना आवडेल असा.

मला वाटलं, कस्तुरी हललीच नाही. तिला जे ऐकायचं होतं ते आलंच नव्हतं. मग उठली, सुसाट गेली, खांबाशी सूर मारून धावणारीला टिपलं. मुलींनी टाळ्या वाजवल्या.

एकशे एकोणीस.

“पुन्हा,” मॅडम म्हणाल्या.

मी पुन्हा दिला. जुना काढायचा म्हणून काढला. आखूड आला. एकशे एकोणीस. तिसऱ्यांदा दिला, घसा दुखेपर्यंत आतून ओढला. खोकला आला. मुली हसल्या.

“अडतीस कुठे गेले?” मॅडमनी कस्तुरीला विचारलं.

कस्तुरी माझ्याकडे बघत होती. “तिला विचारा,” म्हणाली, आणि पट्टी उपटून आईकडे चालत गेली. पाठीवर लाल रेघ उठली होती.

चौकोन ८. तोंड डोंगराकडे.

मॅडम गाडीत बसल्या होत्या तेव्हा मी काचेवर टकटक केलं. सगळं सांगितलं. महाप्राण, अघोष, करडा सुरवंट, एकशे तीस, पस्तीस. मग वहीवर बेरीज दाखवली.

“तेव्हा अडतीस अधिक एकशे तीस. एकशे अडुसष्ट. आज एकशे एकोणीस अधिक पस्तीस. एकशे चोपन्न. ती नऊ दिवसांत चौदानं फास्ट झाली, मॅडम. मशीन म्हणतंय ती घसरली.”

मॅडमनी वही हातात घेतली. बराच वेळ बघितली. त्यांनी आवाज न करता ख काढून बघितला, मला दिसलं.

“आमचं मशीन शर्यतीसाठी केलेलं,” त्या म्हणाल्या. “तिथे इशारा म्हणजे बंदूक. बंदुकीला ख नसतो.”

“मग ख पासून मोजा.”

“तिच्या एकटीसाठी?” त्यांनी गुडघा चोळला. “राज्यात तीन हजार मुली या आकड्यांवर आत गेल्या आहेत, त्याच्या कितीतरी पट परत गेल्या आहेत. कुणाला कुणी खो दिला, तिचा ख केवढा होता, कुठे लिहिलंय? सगळ्या पुन्हा मोजायच्या?”

“हो.”

त्या हसल्या नाहीत. “मी लिहीन वर,” म्हणाल्या. “ऐकतील असं सांगत नाही. आणि ही जागा उद्या भरतात. दुसऱ्या शाळेतल्या मुलीनं सत्त्याऐंशी दिले आहेत.”

तिला खो देणारीचा ख केवढा, ते मी विचारलं नाही.

मी वळले तेव्हा त्यांनी हाक मारली. “मुजावर. तू मुद्दाम दिलास का आखूड?”

“माहीत नाही.”

“पट्टी तुझ्याही मानेवर होती. लांब ख ला हवा जास्त लागते. छातीचे, गळ्याचे स्नायू आधीच तयारी करतात. तोंड उघडायच्या कितीतरी आधी. तुझ्या शरीरानं कुठला ख काढायची तयारी केली होती ते रेकॉर्डमध्ये आहे. लांबाची तयारी करून आखूड आला असेल, तर सवयीनं घात केला. तयारीच आखूडाची असेल...” त्यांनी वाक्य सोडून दिलं. “तुझ्या फोनवर पाठवते. उघडायचं की नाही, तू बघ.”

गाडी गेली. फोन थरथरला.

नववी. हिला चौकोन नसतो.

कस्तुरी पाच दिवस शाळेत आली नाही. सहाव्या दिवशी आली, शेवटच्या बाकावर बसली. मी मधल्या सुट्टीत तिला बेरीज दाखवली. तिनं ती नीट वाचली.

“चौदानं?”

“चौदानं.”

“कुणाला सांगू?” म्हणाली. वही मिटली.

मग मी फाईलचं सांगितलं. सांगितलं नसतं तर कुणालाच कळलं नसतं. पण मग ती फाईल माझ्या खिशात आयुष्यभर राहिली असती.

“उघडलीस?”

“नाही.”

“का?”

“भीती वाटतीय.”

“कशाची?”

“हात पुढं करताना मला वाटलं होतं, तू जाऊ नयेस. तेवढंच. पण वाटल्यावर घशानं केलं, का घशानं केल्यावर वाटलं, मला माहीत नाही, कस्तुरी. खरंच नाही. त्यात लिहिलेलं असेल.”

तिनं हात पुढे केला. मी फोन दिला. ती तो घेऊन मैदानावर गेली, मी मागोमाग. ऊन कडक होतं, चुना पुसट झाला होता. सर खांबाला तेल लावत होते. कस्तुरीनं फोन हातात तोलला, जसं आपण ढेकूळ तोलतो, फेकायच्या आधी. स्क्रीनवर अंगठा नेला. थांबली.

“ह्यात तू काय केलंस ते असेल,” म्हणाली. “मी तुझ्याबद्दल काय वाटून घ्यायचं, ते नसेल ना?”

“नसेल.”

तिनं फोन सरांच्या तेलाच्या डब्याशेजारी उपडा ठेवला. चपला काढल्या. पाचव्या चौकोनात जाऊन बसली. तोंड शाळेकडे, पाठ माझ्याकडे.

“दे.”

“कुठला?”

“येईल तो दे.”

सरांनी वर बघितलं. सवयीनं शिट्टी ओठांत धरली.

मी मागे उभी राहिले. तिच्या मानेवर पट्टी नव्हती. नुसती मान, घामानं चमकणारी, आणि ते चार केस. पाच वर्षं मी ही पाठ बघत आलेय आणि तिनं मला कधी मागून येताना बघितलेलं नाही. बघायचं नसतंच. मागे वळून बघितलं तर खेळ होत नाही.

श्वास घेतला. हात पुढे केला. हात पाठीला लागायच्या आत, ख माझ्या घशात कुठेतरी वर चढत असताना, जुना की नवा मला ठरवता येत नव्हतं, ती उठली. माझ्या पुढ्यात रिकामा चौकोन होता आणि ती खांबाकडे सुटली होती.

सरांची शिट्टी कर्कश वाजली. “फाऊल! बिराजदार, आधी उठलीस!”

“नाही सर,” कस्तुरी पळता पळता ओरडली. “खो मिळाला होता.”